आपल्यात होईल

हेमाताई तामोरे संगणकाशी बोलायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगलं शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल असं. प्रोग्रॅम कुठे अडला की चष्मा कपाळावर सरकवून त्या पडद्याला विचारायच्या, "आता काय नाय आवडला तुला? सांग ना सरळ." मग तांबड्या अक्षरांत उमटलेला इंग्रजी मजकूर सावकाश वाचायच्या, घरी आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकून घ्यावं तसा. बोईसर स्टेशनजवळ एका औषधाच्या दुकानाच्या वर आमचं छोटंसं ऑफिस होतं. तिथे नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी दचकायचा आणि महिन्याभरात स्वतःच आपल्या मशीनशी पुटपुटायला लागायचा.

मी वाणगावची. पालघरला पदवी घेतली आणि या ऑफिसात मुलाखतीला गेले. आमचे मालक शहाभाई यांनी चार प्रश्न विचारून मला हेमाताईंकडे पाठवलं. त्यांनी एक बिघडलेलं ॲप माझ्यापुढे ठेवलं आणि बिघाड शोधायला सांगितला. जेवणाची वेळ झाली तरी मला काही सापडेना, आणि तसं सांगायचा धीरही होईना. शेवटी हेमाताईच खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "सापडला तर सांग, नाय सापडला तरी सांग," त्या म्हणाल्या. "गप बसलीस तर तू कुठे अडकलीस ते मला कसा कळेल?" मग आम्ही दोघींनी मिळून तो बिघाड काढला. नोकरी मला त्या दिवशीच मिळाली.

हेमाताई दांडीच्या. वडिलांची होडी होती, आई बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. डिप्लोमा करून संगणकाच्या कामात शिरलेल्या त्या त्यांच्या घरातल्या पहिल्याच. गिऱ्हाइकांशी त्या छापील मराठीत बोलत, कारखान्यातल्या कामगारांशी हिंदीत, आणि आमच्याशी व मशीनशी मात्र घरच्या बोलीत. कारखान्यांच्या शिफ्टच्या बस कुठवर आल्या हे कामगारांना फोनवर दिसावं, असं एक ॲप त्यांनी केलं होतं. ते हातात देऊन त्या गप्प बसल्या नाहीत. सकाळी नाक्यावर कामगारांच्या घोळक्यात उभ्या राहून कोण कसं बोट लावतं ते बघून आल्या आणि आल्या आल्या सगळी बटणं मोठी केली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घामाचा बोट असतो त्यांचा. माझ्या आईचा पाण्याचा असायचा. फोनला ते ओळखता यायला नको?"

आम्ही सगळे तेव्हा ज्या टूलमध्ये काम करायचो, त्यात एकदा लिहिलेलं ॲप दोन्ही प्रकारच्या फोनवर चालायचं. हेमाताईंनी त्याचं नाव कधी घेतलं नाही. त्यांच्या लेखी ते 'आपलं' होतं. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं की त्या क्षणभर छताकडे बघत आणि म्हणत, "आपल्यात होईल." आणि व्हायचंच. त्या टूलची माणसंही त्यांना आपलीच वाटत. शनिवारी दुपारी पालघरला एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर वापी, मनोर, वसईकडचे आमच्यासारखे पाच-सात जण जमायचे. लॅपटॉप उघडून एकमेकांची कोडी सोडवायची, मिसळ खायची, परत कोडी. त्या टूलच्या जगभरातल्या लोकांचा इंटरनेटवर एक प्रश्नोत्तरांचा फोरम होता. तिथेही हेमाताईंची उत्तरं असायची, साध्या, तुटक इंग्रजीत, पण चुकलेल्याला वाट सापडेल अशी.

मग शनिवारची माणसं कमी होऊ लागली. वापीचा मुलगा दुसऱ्या टूलवर गेला, वसईच्या दोघी पुण्याला गेल्या. एका सोमवारी बातमी आली, की टूल बनवणारी कंपनी त्याचं काम थांबवणार. अमुक मुदतीनंतर दुरुस्त्या नाहीत, पुढच्या फोनांवर ते चालेल याची हमी नाही. ऑफिसात सगळे एकदम बोलायला लागले. हेमाताईंनी बातमी शेवटपर्यंत वाचली आणि त्या परत कामाला बसल्या. त्या दिवसापासून त्यांचं मशीनशी बोलणं बंद झालं.

शहाभाईंनी नवीन टूल शिकवायला मुंबईहून एक तरुण बोलावला. हेमाताई पहिल्या रांगेत बसत आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारत. त्यांना येत नव्हतं असं नाही, पण हात जुन्याच वाटेने जायचे. एकदा डबा खाताना त्या मला म्हणाल्या, "सासरी आल्यासारखा वाटते गो. मीठ कुठे हाय ते पण विचारायला लागते." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

ऑफिसची ॲप्स एकेक करून आम्ही नव्या टूलमध्ये आणली. राहिलं ते हेमाताईंचं स्वतःचं ॲप. ते ऑफिसचं नव्हतं, दांडीच्या होड्यांसाठी त्यांनी गावाला म्हणून केलेलं होतं. होडी निघताना तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, एक बटण दाबायचं, किनाऱ्याला लागल्यावर दुसरं. घरच्यांच्या फोनवर होडीच्या नावापुढे समुद्रात असेल तर लाल खूण, परतली असेल तर हिरवी. एवढंच. पण गावातल्या बायका हातातलं काम न सोडता त्या खुणेवर लक्ष ठेवायच्या. मी ते नव्यात लिहून देते असं दोनदा म्हटलं. "चालते ना अजून," असं म्हणून त्यांनी विषय बदलला. मलाही कळत होतं. जुन्या टूलमधलं त्यांच्या हातात तेवढंच उरलं होतं.

पुढे गावातल्या एका तांडेलाने नवीन फोन घेतला. ॲप त्यात उघडत होतं, बटणही दाबलं जात होतं, पण निरोप पुढे जातच नव्हता. त्या पहाटे तो निघाला तेव्हा घरच्या फोनवर आदल्या दिवशीची हिरवी खूण तशीच राहिली. दुपारी वारा वाढला. बाकीच्या होड्या आल्या. त्याच्या बायकोने फोन पाहिला, हिरवं दिसलं, आणि नवरा मासळी घेऊन परस्पर सातपाटीला उतरला असेल असं समजून ती सुकत घातलेले बोंबील गोळा करत राहिली. कोणी शोधायला गेलं नाही. होडीचं इंजिन बंद पडलं होतं आणि माणसं वाऱ्यावर वाहत होती. मुरब्याच्या एका होडीने त्यांना पाहिलं म्हणून संध्याकाळी दोर बांधून ओढून आणलं. सगळे सुखरूप होते.

दुसऱ्या दिवशी हेमाताई मला घेऊन त्या घरी गेल्या. काय बोलणार ते त्यांनी वाटेत सांगितलं नाही. तांडेलाची बायको रागावली नव्हती. तिने चहा ठेवला, आम्हाला बसायला दिलं. मग ती म्हणाली, "हिरवा दिसला म्हणून मी गप रायली, हेमा. नायतर मी वरडत गेली असती किनाऱ्यावर."

हेमाताईंनी कप खाली ठेवला. "मला ठावूक होता ते मरायला लागलाय," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानी सोडवला नाय."

तिथून उठून त्या सरळ मच्छीमारांच्या सोसायटीच्या ऑफिसात गेल्या. जाळी विणत बसलेल्या माणसांना, मासळी निवडणाऱ्या बायकांना त्यांनी स्वतः सांगितलं, की आजपासून त्या खुणेवर कोणी भरवसा ठेवायचा नाही, पूर्वीसारखे एकमेकांना फोन करा, कोणाला उशीर झाला तर किनाऱ्यावर जा. एका म्हाताऱ्याने मधेच विचारलं, एका फोनात बिघडलं तर बाकीच्यांचं कशाला बंद करतेस. त्या म्हणाल्या, "एकदा खोटा बोलला ना, बाबा. आता खरा बोलला तरी कोण ओळखणार?" मग तिथल्याच बाकावर लॅपटॉप उघडून त्यांनी ॲप बंद केलं. आपलं वर्षानुवर्षांचं काम त्यांनी एका बटणाने थांबवलं आणि झाकण लावल्यावरही बराच वेळ हात त्यावरच ठेवला.

नवीन ॲप आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. या वेळी त्या विचारत आणि मी सांगत असे. होडीकडून बराच वेळ निरोप आला नाही तर खूण पिवळी व्हावी, म्हणजे 'माहीत नाही' असं ॲपने कबूल करावं, ही कल्पना त्यांची. ती जमायला आम्हाला फार झटावं लागलं. पहिल्यांदा चाललं तेव्हा त्या पडद्याला म्हणाल्या, "हां. असा बोल." किती महिन्यांनी त्यांना मशीनशी बोलताना ऐकत होते मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पालघरच्या एका तंत्रशाळेत शिकवायचं काम त्यांनी घेतलं. ऑफिसातला त्यांचा शेवटचा आठवडा आणि तो जुना फोरम बंद होण्याचा आठवडा योगायोगाने एकच आला. फोरमवर कोणी फिरकत नव्हतं, पण उत्तर न मिळालेले प्रश्न बरेच पडून होते. हेमाताई आपलं काम आटोपून ते एकेक उघडत आणि उत्तर लिहीत. काही प्रश्न इतके जुने होते, की विचारणाऱ्याने केव्हाच ते काम सोडलं असेल. मी तसं म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि लिहीत राहिल्या. "कोण तरी बसला असेल अजून अडकून," एवढंच म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी, निरोपाचा केक कापायला सगळे जमलेले असताना, त्यांनी लिहिलेल्या एका उत्तराला पडद्यावर प्रतिसाद आला. लिहिणारा कुठल्या देशातला होता कोण जाणे, नाव आम्हाला कोणालाच धड वाचता येईना. एकच ओळ होती: चालू झालं, आभारी आहे. हेमाताईंनी ती दोनदा वाचली. मग पडदा आमच्याकडे वळवून त्यांनी सुरी हातात घेतली आणि म्हणाल्या, "त्याचा झाला. या, केक कापू."