आमच्या साडूंचं दोन मशिनांचं खातं

या जगात जे जे रडतं, अडतं, गळतं किंवा नको त्या वेळी सुरू होतं ते सगळं मूळचं मशीनच असतं, असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्यांना दिलेली. ते सुरतेत नवागामला, लूमच्या एका कारखान्याला लागून असलेल्या खोलीत राहतात. लूमच्या कारखान्याला इथे सगळे 'खातं' म्हणतात, आणि साडू त्याच खात्यात कारागीर आहेत. बारा लूम ते एकटे चालवतात, म्हणजे मशिनांच्या दोन रांगांमधल्या गल्लीत दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि कुठे धागा तुटला की तो जोडून पुढे सरकायचं. घर आणि खातं यांच्यामध्ये भिंत एकच, तीही वीटभर जाडीची. त्यांच्याकडे चहाला बसलं की बशीतला चहा आपोआप थरथरतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, मलाच हुडहुडी भरली आहे.

त्यांना पहिली मुलगी झाली, आणि तिचा पहिला वाढदिवस यायच्या आत मुलगा झाला. त्यामुळे जिला अजून धड उभं राहता येत नव्हतं ती एका दिवसात घरातली 'मोठी' झाली. धाकटा येणार ही बातमी आली तेव्हा आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला, आणि आमची ही फोनवर "कसं गं होणार तुझं" म्हणून मेहुणीच्या आधी स्वतःच रडली. साडू मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन, मी हजीऱ्याच्या कंपनीच्या बसमध्ये चढतो त्या थांब्यावर येऊन उभे राहिले. "साडूभाऊ," ते म्हणाले, म्हणजे ओरडलेच, कारण जन्मभर खात्यात राबलेल्या माणसाला जगात हळू बोलायचीही सोय आहे हे आठवत नाही, "बारा मशीन संभाळतो मी. ही तर दोनच आहेत." अख्ख्या बसने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी नोकरी सोडून साडूबरोबर लूम टाकतोय अशी बातमी त्या दिवशी माझ्या आधी कंपनीत पोचली.

आता आमच्या खानदेशी घरांची इथली रीत अशी, की पाठोपाठ मुलं झाली तर मोठं मूल गावी आजीकडे जातं. खोली लहान, बाई एकटी, पुरुष पाळीवर. तिकडे गावी अंगण, म्हैस आणि आजी. यात कोणी कोणाला दोष देत नाही. मी स्वतः तसाच वाढलो आहे. साडूंच्या आईने तर बारशाच्या दिवशीच मोठीला न्यायचं सांगून टाकलं, "पोरले मी लई जासू. आठे तिले कोन देखी?" मेहुणीने मोठीला पोटाशी धरलं आणि साडूंकडे पाहिलं. साडूंनी दिवाळीची मुदत मागितली. दिवाळीला खाती बंद असतात, सगळेच गावी जातात. तोवर दोघांना सांभाळणं जमलं तर पोरगी सुरतेत, नाही जमलं तर आजीकडे.

मग साडूंनी घराचं खातं करायला घेतलं. इथे गुजराती घरांत बाळाला झोपवायला घोडियुं असतं, म्हणजे लाकडी घोडीला टांगलेली कापडाची झोळी आणि ओढायला एक दोरी. साडूंनी जुनी दोन घोडियुं आणली आणि खात्यातल्या भंगारातली एक कप्पी वर अडकवून दोन्हींना एकच दोरी जोडली. एक कारागीर, एक दोरी, दोन मशीन. पण मोठी जड, धाकटा हलका. दोरी ओढली की मोठी जागची हलायची नाही आणि धाकटा मात्र आढ्याशी गप्पा मारून यायचा. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना, पोरं आहेत ही." मी सांगितलं. साडूंनी नीट ऐकून घेतलं आणि धाकट्याच्या झोळीखाली तांदळाची पिशवी बांधली. सांगायला वाईट वाटतं, पण त्यानंतर ते यंत्र अगदी छान चाललं.

दूध कोणाला पाजलं आणि कोणाला नाही, यावरून रोज गोंधळ व्हायचा, कारण दोघंही पोट भरल्यावर उपाशी असल्यासारखी रडायची. खात्यात कापडाचा ताका तयार झाला की त्याच्यावर खडूने खूण करतात. साडूंनी तीच पद्धत घरी आणली. दूध पाजलं की बाळाच्या झबल्यावर पाठीमागे खडूची फुली. पाळी बदलताना, म्हणजे हे कामावर निघताना आणि मेहुणी ओट्यापासून मोकळी होताना, नुसती पाठ बघायची. एके दिवशी मी तिथे असताना मेहुणीने ओलं झालेलं झबलं बदललं. नव्या झबल्यावर फुली नव्हती. साडूंनी मोठीला पुन्हा बाटलीभर दूध पाजून, तिला कौतुकाने माझ्या मांडीवर दिलं. माझी ती विजार अजूनही आमची ही कपड्यांच्या ढिगात वेगळी ठेवते.

सर्वांत मजेची होती ती त्यांची हातांची भाषा. खात्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर खुणांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली की जोडला. साडू आणि मेहुणी घरातही तसंच बोलायचे, कारण एखादं पोर झोपलं असलं की साडूंना तोंड उघडायची बंदी होती. परिणाम असा झाला की मोठी 'आई', 'बाबा' म्हणायच्या आधी बोटं हलवायला लागली. धाकट्याने दुपटं ओलं केलं की ती घोडियुंतून गंभीर चेहऱ्याने कात्री दाखवायची. धागा तुटला. साडू तिच्यासमोर दुपटं बदलून अंगठा-तर्जनी चोळून दाखवायचे, तेव्हा कुठे बाईसाहेब आडव्या व्हायच्या.

एकच गोष्ट काही केल्या सुधारत नव्हती. आठवड्यातून एक दिवस खातं बंद असायचं, साडू घरी असायचे, आणि नेमकी त्याच दिवशी पोरं दुपारी झोपायची नाहीत. मेहुणीने सरळ निष्कर्ष काढला. "तुम्ही घरात असलात की पोरं बिघडतात." तिने त्यांना सुट्टीच्या दिवशी दुपारी हद्दपार केलं, आणि ते आमच्याकडे येऊन, चुकलेल्या पोरासारखे सोफ्याच्या टोकावर बसायला लागले. तरी पोरं झोपायची नाहीत. मग मेहुणी म्हणायची, सकाळी हात लावला होता ना.

दिवाळीच्या तोंडावर दोन्ही पोरांना एकदमच ताप आला. मेहुणीने कशीबशी दोघांना बरं केलं, पण गावी पोचली तेव्हा तिच्या गालांची हाडं वर आली होती. सासूने सुनेचा चेहरा पाहिला आणि मुलाला काही विचारलंच नाही. मेहुणीच रडत म्हणाली, "राहू द्या तिला इथे थोडे दिवस." भाऊबिजेनंतर आम्ही सगळे एकाच गाडीने परतायला निघालो, तेव्हा मोठी आजीच्या कडेवर होती. गाडी हलली तशी तिने बापाकडे बघून दोन बोटं हलवली. साडूंचे दोन्ही हात पिशव्यांत अडकलेले होते. पिशव्या खाली ठेवता आल्या असत्या, पण त्यांनी त्या ठेवल्या नाहीत.

त्यानंतर साडू हळू बोलायला लागले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आम्ही देवाला नवस बोलायचंच काय ते बाकी ठेवलं होतं, ते असं घडलेलं मला अजिबात आवडलं नाही. त्यांनी दुसरं घोडियुं सोडलं नाही. दोरी ओढली की रिकामी झोळी वर जायची, म्हणून तिच्यात त्यांनी तांदळाची पिशवी ठेवली.

आणि मग एका सुट्टीच्या दुपारी, साडू आमच्या सोफ्यावर बसलेले असताना त्यांच्या आईचा फोन आला. म्हातारीचा आवाज रडकुंडीला आलेला. पोरगी दुपारी झोपत नव्हती, रात्री झोपत नव्हती. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, जायफळ उगाळून झालं, मारुतीचा दोरा बांधून झाला. "इतलं शांत घर शे," त्या म्हणाल्या, "चिडीचा आवाज नही. तरी पोर डोयाच लावस नही."

'शांत' म्हटल्याबरोबर साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मग ते चप्पल न घालताच जिना उतरले, आणि मी त्यांची चप्पल हातात घेऊन मागे पळालो. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या मालकाचं खातं चालू होतं. साडू सरळ आत घुसले आणि फोन उंच धरून मशिनांच्या मधोमध उभे राहिले. तिथले कारागीर खुणांनी विचारत होते, काय झालं. साडूंनी दोन बोटं हलवली. बऱ्याच वेळाने आम्ही बाहेर आलो तेव्हा म्हातारी कुजबुजत होती, "लागना भो, डोया लागना."

बिचारे साडू. इतके महिने हद्दपारी भोगली आणि गुन्हा निघाला बंद मशिनांचा. पोरं जन्मल्यापासून त्या खडखडाटात झोपलेली. तो थांबला की घाबरून जागी व्हायची. मेहुणीने त्या संध्याकाळी त्यांना दोनदा चहा दिला, आमच्यात माफी अशीच मागतात.

पुढे रोज दुपारी साडू लूमशेजारच्या खिळ्याला फोन अडकवायचे आणि तिकडे गावात मोठी लूमच्या आवाजात झोपायची. पण गावात वीज जायची, म्हातारीचा फोन चार्ज नसायचा. अशा वेळी ती बाई पोरीच्या उशाशी बसून दुपारभर खलबत्त्यात रिकामाच बत्ता आपटायची. शेजारच्या बायका विचारायच्या, काय कुटताय एवढं? आठवडाभर त्यांनी असं लूम चालवलं, आणि एका सकाळी न कळवता पोरीला घेऊन गाडीत बसल्या. सुरतेजवळ उधन्याला उतरल्यावर त्यांनी साडूंना फोन केला, आणि साडूंनी जाताजाता मला उचललं.

म्हातारी फलाटावर ट्रंकेवर बसलेली होती. आम्हाला पाहताच त्यांनी नात पुढे केली. "हाई ले तुनं मशीन. मना हाते चालस नही." मोठीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच अंगठा-तर्जनी चोळली. मेहुणी म्हणते, तिच्या बोटांना बिस्किटाचा चुरा लागला होता, तो ती झटकत होती. असेल. साडूंनी मात्र तिथेच, भर फलाटावर, आपली बोटं चोळून तिला उत्तर दिलं, आणि मग इतक्या मोठ्याने हाक मारून रिक्षा बोलावली की तीन रिक्षा आल्या.

म्हातारी चार दिवसांसाठी म्हणून राहिली ती अजून आहे. म्हैस दिराकडे दिली. पहिले काही दिवस कानात कापूस घालून बसायच्या, आता सुट्टीच्या दिवशी त्यांनाच झोप येत नाही. दोरी बहुतेक त्यांच्याच हातात असते, आणि मेहुणीच्या गालांवर मांस दिसायला लागलं आहे. मालक म्हणतो, जुने लूम काढून गावाबाहेर नवीन टाकायचे. तेव्हा ही भिंत गप्प होईल, पण तोवर पोरं घोडियुंत मावायची नाहीत.

साडूंची पाळी सुटली की मी मुद्दाम जातो. लहानपणी मी झोपायचो ते घरही फार शांत होतं. आजीने मला काही कमी पडू दिलं नाही, पण माझ्यासाठी कोणी फोन उंच धरून मशिनांत उभं राहिलं नव्हतं. तेव्हा फोनही नव्हते म्हणा. त्या पोरीचा मला हेवा वाटतो, हे मी एकदा साडूंना सांगितलं. पोरगी परतल्यापासून पहिल्यांदाच ते हळू आवाजात म्हणाले, "बसा साडूभाऊ, जरा दोरी धरा." मी दोरी धरली. शेजारच्या खात्यातली मशीनं चालू होती, आणि बशीतला चहा थरथरत होता.