फैसला होईस्तोवर बसणारी बैठक

दारू सोडून चाळीस दिवस झाले होते, आणि झिंगू कुमरेला सारं जंगल पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसत होतं. ऐनाची झाडं हलायची ती सावकाश हलायची. बांधीतला धान दुधात आला होता. तो वास नाकात शिरला की झिंगू उभ्याउभ्या पेंगायचा, आणि पेंगेत कोणीतरी पळसपानाचा द्रोण त्याच्या ओठांना लावायचं. जागा झाला की ओठ कोरडे, अन् जिभेवर मोहाची चव.

नवाखाई नऊ दिवसांवर आली होती. कुरखेड्याकडच्या त्या गावचा झिंगू गायता, म्हणजे देवापुढं मोहाची दारू शिंपडणारा माणूस. देवाला पाच थेंब द्यायचे, मग त्याच द्रोणातली गायत्यानं प्यायची, तेव्हा कुठं गाव नवा भात खाणार. बावीस वर्षं हेच. पण आषाढात त्याला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा प्यालास तर इथवर आणायचीही गरज पडणार नाही. दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जात जा, असंही म्हणाले.

पहिली बैठक तालुक्याच्या गावी, हॉलात, पंख्याखाली. एकेक जण उभा राहून आपली कहाणी सांगे, बाकीचे त्याला धन्यवाद म्हणत. झिंगूनंही आपली गोष्ट चार वाक्यांत मांडली आणि वाट पाहत बसला. त्याच्या गावात गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकघरात, मामला पडला की तो मिटेस्तोवर कोणी उठत नाही, भाकरी तिथंच येते. इथं तासाभरात खुर्च्या उचलल्या. झिंगू आपल्या खुर्चीवर तसाच.

"चला भाऊ, कुलूप लावाचं हाये."

"अन् माया मामल्याचा फैसला?"

लोक हसले. खवचट नव्हतं ते हसणं. "अजी, इथी फैसला नाई होत. इथी बोलून मन हलकं कराचं."

"हलकं करून काय करू? नऊ दिसानं देव हाये."

"मंग नारळ फोड ना देवाले!"

झिंगू उठला. माणसं खोटी नव्हती, त्यातला एक तर अकरा वर्षं थेंबाला शिवला नव्हता. पण झिंगूच्या देवाला नारळ कोणी दाखवला होता?

दुसऱ्या बैठकीत गळ्यात माळ घाल म्हणाले. तिथून तो चहा न पिताच परतला.

काळीपिवळी चालवणाऱ्या लच्छूनं वाटेत सांगितलं, "नदीपल्याड टोल्यावर, त्या लहान्या वस्तीत, बुधवारी बसतेत. बायाबी असतेत."

"बाया?"

"काऊन, बाया पेत नाईत का? जिल्ह्यात दारू बंद हाये दादा, घरात नाई."

बुधवारी सकाळी झिंगू निघाला. बांबूच्या बनात धुकं होतं, पाय आपसूक चालत होते. आपण जागे आहोत की नाही हे त्याला कळेना. मग धुक्यातून गोंडी बोलणं ऐकू आलं आणि समोर धान गिरणीची पडवी दिसली. चटईवर पाच जण. त्यातली रुखमाबाई सिंदीच्या पात्या विणत होती, तिची दारू सुटून सहा वर्षं झालेली. झिंगूनं सगळं सांगितलं. धन्यवाद कोणी म्हटलं नाही.

म्हाताऱ्या पोचूनं विचारलं, "देवाले किती थेंब?"

"पाच."

"अन् तुले?"

"द्रोणभर."

"म्हंजे देवाचं पाचात भागते, अन् याले द्रोण लागते!"

पडवी हसली. झिंगूही हसला, दारू सोडल्यापासून पहिल्यांदा.

"गायत्यानंच प्याव, असं कोनं सांगतलं?" रुखमाबाई.

"बापानं."

"बापाले?"

दुपार झाली, भाकरी आली, कोणी उठलं नाही. शेवटी रुखमाबाई म्हणाली, "तुया गावचा रिवाज आमी कसा मोडाव? फैसला गावच करन. पन तू एकटा नाई बसाचा. आमी येतो."

आणि खरंच आले. नवाखाईच्या आदल्या दिवशी पाचही जण झिंगूच्या गावच्या गोटुलात त्याच्या बाजूनं बसले.

गावातला चैतू सुरुवातीलाच फणकारला, "याले नाई झेपत त गायता बदला! परगावची पंचायत कायले?"

"बदला ना," रुखमाबाई म्हणाली, "पन नवा गायता रक्त ओकला म्हंजे मंग?"

कोणी म्हणे देव कोपेल, कोणी म्हणे देव पितो कुठं, पितो हाच. झिंगूची बायको मनकर्णा एवढंच बोलली, "मले देव बी पायजे अन् हा बी पायजे." ऊन पार कलंडलं तेव्हा ठरलं. ओतायचं झिंगूनंच. त्याचा वाटा कोणी प्यायचा नाही, तोही मातीलाच. पण हे यंदापुरतं. पुढच्या साली पुन्हा बसू. चैतूनंही मान हलवली, तोंड वाकडं करूनच.

सकाळी झिंगूनं देवापुढं पाच थेंब सोडले. द्रोण हातात राहिला. वास असा उठला की झाडं, माणसं, सगळं पुन्हा पाण्याखाली गेलं. हात वर यायला लागला, आपोआप, ओठांच्या वाटेनं. छातीशी आला. मग त्यानं मनगट वळवलं. माती घटाघटा नाही, सावकाश प्याली. वर बुडबुडे आले. शेवटचा बुडबुडा फुटेस्तोवर झिंगू बघत राहिला.

मनकर्णानं त्याच्या तळहातावर नव्या भाताची मूठ ठेवली. त्यानं ती खाल्ली. मग गाव जेवायला बसलं.