टेलरबाईंची तांबोशी

गल्लीच्या टोकाला विजारी आणि पडदे शिवणाऱ्या टेलरबाईंना दोनच नाद होते. एक शिलाई मशीनचा आणि दुसरा समुद्राचा. दिवसभर पायडल हाणायचं आणि संध्याकाळी शटर ओढून, मासेमारीचा रॉड खांद्यावर टाकून खडकांकडे निघायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा शिरस्ता. गळाला जिवंत आमिष त्या कधीच लावत नसत. लाकडाचा बोटभर खोटा मासा, पाण्यातून ओढला की जखमी झाल्यासारखा लचकत यायचा. "खऱ्याला खोट्यानं गंडवायचं, त्यात खरी गंमत," असं त्या म्हणायच्या.

मग एका सकाळी कापडावर खडूची रेघ ओढता ओढता त्यांचा उजवा हात लटकन खाली पडला. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, हळूहळू बोलणंही सुधारलं, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. बोटं वळायची, जोर मात्र नावाला नाही. चहाचा कप उचलला की निम्मा चहा बशीत. गिऱ्हाइकं हळहळली आणि दुसऱ्या टेलरकडे गेली. ते बाईंनी गिळलं. पण संध्याकाळी खिडकीतून खारा वारा आला की त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

थोरल्या नणंदेच्या नजरेतून हे सुटलं नाही. ही नणंद म्हणजे निवृत्त नर्स. भावाच्या घरी मदतीला आलेली आणि जिभेला हाड नसलेली.

"काय गं, भिंतीवर मासे पोहतायत का?"

"थट्टा नको हो ताई. या हातानं आता रॉड फेकणं होत नाही."

"आणि डावा काय नुसता शोभेला दिलाय?"

 दुसऱ्या दिवशी बाई मशीनवर जाऊन बसल्या आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी, जाड कॅनव्हासचा एक कमरपट्टा शिवला. पुढे खोल खिसा, रॉडचं बूड रोवायला. दोरी गुंडाळायच्या रिळाची मूठ उलट्या बाजूला बसवून घेतली. फेकायचं आणि धरायचं डाव्या हातानं, उजव्यानं नुसतं फिरवायचं. सराव गच्चीवर चालला. पहिल्याच दिवशी खोट्या माशानं शेजाऱ्यांचा वाळत घातलेला पायजमा पकडला.

"खाता येण्यासारखा नाही," नणंद म्हणाली, "पण सुरुवात झाली."

पायजमे सुटले, फेक सरळ जायला लागली, तेव्हा एका संध्याकाळी दोघी खडकांवर पोचल्या. भरती चढत होती. बाई एका सपाट खडकावर पाय रोवून उभ्या राहिल्या. पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी शेवाळात अडकली. पलीकडच्या खडकावर गल्लीतला प्लंबर गळ टाकून बसला होता. त्याला राहवेना.

"बाई, मी फेकून देऊ का? तुम्ही नुसतं ओढा."

"तू तुझं बघ रे बाबा," नणंद खेकसली. "मघापासून तुझ्या गळाला चप्पलसुद्धा लागलेली नाही."

ऊन पिवळं झालं. पाण्यात बुडालेल्या एका मोठ्या दगडाभोवती फेस उकळत होता. बाईंनी तो हेरला, श्वास आत घेतला आणि डावा खांदा सैल सोडून रॉड फिरवला. खोटा मासा वाऱ्यावर तरंगत गेला आणि फेसाच्या अगदी कडेला पडला. त्यांनी मूठ फिरवली. एक वेढा, दोन वेढे. आणि कुणीतरी दारच ओढून घ्यावं तसा हिसका बसला.

रॉड धनुष्यासारखा वाकला. रीळ किंचाळलं. मासा दगडाखालच्या कपारीकडे सुसाट निघाला. आत शिरला असता तर दोरी दगडावर घासून तुटलीच म्हणायची. आता फिरवायला हवं होतं, आत्ता, जोरात. पण उजवी बोटं मुठीवरून घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली.

"दे इकडे, मी फिरवते!" नणंद धावली.

"हात लावू नका ताई!" बाई अशा ओरडल्या की आयुष्यभर रुग्णांना दटावणारी नणंद जागच्या जागी थिजली. "माझा आहे तो!"

बोटं ऐकत नाहीत म्हणताच त्यांनी तळवाच मुठीला लावला आणि खांद्यापासून रेटला. मूठ फिरली. डाव्या हातानं रॉड वर उचलायचा, खाली झुकवताना तळव्यानं वेढा गुंडाळायचा. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. पट्ट्याची शिवण करकरली, पण उसवली नाही. मासा तीनदा उलटून पळाला आणि तीनदा त्याला परत फिरावं लागलं. शेवटी पाण्यात तांबूस चमक दिसली.

"तांबोशी!" प्लंबर आपला गळ सोडून उभा राहिला. "काय धूड आहे!"

"ताई, जाळी घाला खालून!"

नणंदेला पाण्याची भीती. पण तिनं साडी खोचली, राम म्हणत खडक उतरली, तेवढ्यात लाट आली आणि तिला कमरेपर्यंत भिजवून गेली. शिव्या देत तिनं जाळी खुपसली आणि दोन्ही हातांनी वर ओढली.

"अगं, मासा आहे की रेडकू!"

खडकावर तांबोशी शेपूट आपटत होती, तांब्याच्या घंगाळासारखी झळाळत. बाई तिच्या शेजारी मटकन बसल्या.  त्यांनी उजवा हात माशाच्या खवल्यांवर ठेवला आणि आधी हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदमच. नणंदेनं ओल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

मासा बाईंनी स्वतः खांद्यावरून गल्लीत आणला. दारादारात माणसं उभी राहिली. बेकरीत भट्टीवर काम करणारा नवरा दारातच थबकला. त्यानं माशाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग चुलीवरच्या तव्याकडे.

"हा यात मावायचा नाही," तो म्हणाला. "पावाचा ट्रे घेऊन येतो. भट्टी अजून गरम आहे."

त्या संध्याकाळी भट्टीसमोर अर्धी गल्ली जेवली. नणंद भेटेल त्याला लढाई सांगत होती आणि दर वेळी मासा वीतभर वाढत होता. टेलरबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, बोटं चाटली आणि प्लंबरला विचारलं, "उद्या भरती कधी रे?"