टायटनची हवा आणि नानांचा घड

शनीच्या चंद्रावरचा वायू मी जळगावात पकडला होता, असं म्हटलं तर तुमच्या हातातला चहा सांडेल. म्हणून आधी कप खाली ठेवा. हं, आता ऐका माझी फजिती!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजात मी शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी जीव टाकत होतो. विषय? टायटन! शनीचा तो चंद्र, ज्याला चक्क दाट हवा आहे. शनीजवळून गेलेल्या एका यानानं तिथले वायू इन्फ्रारेड किरणांवरून ओळखले होते. प्रत्येक वायू आपापला किरण गिळतो, आणि यंत्राचं पेन कागदावर तिथं खड्डा काढतं. खड्डा कुठं पडला बघा, वायूचं नाव सांगा!

मी फ्लास्कमध्ये टायटनची हवा बनवणार, म्हणजे नायट्रोजन आणि मिथेन. त्यात ठिणग्या पाडणार. त्यातून लेशमात्र ॲसिटिलीन तयार झालं की ते यंत्राला दाखवणार. पुण्याचे सर स्वतः बघायला येणार होते. जमलं तर त्यांच्या हाताखाली पीएच.डी. नाहीतर जन्मभर पोरांची जर्नलं तपासा!

ही बातमी सावद्याला माझ्या सासऱ्यांना, नानांना, कळली. ते केळीवाले. अख्खा घड घेऊनच हजर झाले.

"जावईबापू, पुन्याचे सर येऊन राह्यले ना? त्याह्यले आपल्या मयातली केयी द्या!"

"नाना, ही तर हिरवीगार आहेत."

"मंग पिकत घाला ना! ही घ्या कार्बाईडची पुडी. बंद कपाटात ठुवा, पिवयीधम्मक होतीन!"

घरी पोरं केळी पिकू देतील? शक्यच नाही. घट्ट लागणारं कपाट एकच, प्रयोगशाळेतलं. वरच्या कप्प्यात माझ्या काचेच्या गॅसनळ्या होत्या. खाली घड ठेवला, पुडी ओलसर फडक्यात गुंडाळली, दार लावलं आणि साफ विसरलो!

सर यायच्या आदल्या दिवशी कपाटात घाईघाईनं हात घालून वरची एक नळी काढली आणि रंगीत तालीम केली. पेन सरकलं आणि... अहो, खड्डा कसला, विहीर! ॲसिटिलीनच्या जागी! मी नाचतच प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी पेढे मागवले. संध्याकाळपर्यंत अर्धं कॉलेज मला 'डॉक्टर' म्हणत होतं, आणि मी 'अजून नाही हो' असं अगदी वाईट अभिनय करत म्हणत होतो.

सरांनी कागद पाहिला. भुवया वर गेल्या.

"छान. आता नुसती रिकामी नळी लावून दाखव."

मी कपाटाचं दार जरासं किलकिलं करून एक नवी नळी काढली, यंत्रात लावली. पेन सरकलं. पुन्हा विहीर!

कोणीही शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी? मी ओरडलो, "सर! आपल्या जळगावच्या हवेतसुद्धा टायटन!"

सरांनी नाक वर करून वास घेतला. "कपाट पूर्ण उघड."

उघडलं. आत सोन्यासारखी केळी!

कार्बाईड ओलं झालं की कोणता वायू सुटतो? ॲसिटिलीनच! माझ्या नळ्या तोंडं उघडी टाकून तोच पीत बसल्या होत्या, आणि वापरण्याआधी त्या नीट धुऊन घ्यायला मी विसरलो होतो. मला हे ठाऊक नव्हतं का? अहो, हाच धडा मी वर्गात घसा ताणून शिकवायचो!

सरांनी शांतपणे एक केळं सोललं. पीएच.डी. गेली, आता पेढ्यांचं काय सांगू?

"यंत्र तयार आहे, हातही बसलाय," सर म्हणाले. "कर पीएच.डी."

"टायटनवर, सर?"

"छे! केळी पिकताना कोणते वायू सुटतात, त्यावर." आणि त्यांनी दुसरं केळं उचललं.

झालो डॉक्टर. नाना आजही गावभर सांगतात, "आमच्या जावयानं डॉक्टरकी आमच्याच केयीवर केली!"

खरंच आहे. शनीकडे निघालेला माणूस मी, पोचलो कुठं? सासुरवाडीला!