माझीच किडनी, मला कोण अडवणार?

चहा आधी पिऊन घ्या. ही फजिती ऐकल्यावर माझ्या हातचा चहा तुम्ही घ्याल की नाही, शंकाच आहे!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझ्या धाकट्या भावाच्या, सुरेशच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मुंबईत ऑपरेशन झालं आणि माझी एक त्याला बसवली. नाशिक रोडला तेव्हा असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं! शेजारणी विचारायच्या, "बाई, आता तुमचं कसं होणार?" मी म्हणायचे, "अजून एक उरलीय. हवी का?"

सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "शरीरानं नवी किडनी परकी समजून नाकारू नये, म्हणून गोळ्यांनी यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केलीय. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. आजारी माणूस जवळ फिरकता कामा नये."

झालं! मी पडले शाळामास्तरीण. बरी होऊन कामावर रुजू झाले होते. चौथीच्या वर्गातली शेंबडी पोरं सांभाळून घरी आले की मी थेट सुरेशच्या दारात खुर्ची टाकायचे. शेजारी गरम पाण्याची बादली आणि लाल साबण. कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कधी एकटादुकटा येतो का? जीप भरून येतात!

निफाडहून मामा आले. हातात द्राक्षांची करंडी, खिशात देवीच्या गडावरचा प्रसाद.

"नखं दाखवा," मी म्हटलं.

"काय?"

"नखं! दोन्ही हातांची!"

"अगं, तुझ्या बारशाला जेवलोय मी!"

"जेवलात ना? मग हात धुवा."

धुतले बिचाऱ्यांनी. पण पुसता पुसता शिंकले!

"रस्त्याला लय धूळ हाय," मामा म्हणाले.

"धूळ असो नाहीतर सर्दी. खिडकीतून बघा आणि या."

"भाच्याला भेटाया आलो, का जेलात मुलाखतीला?" मामांनी करंडी तिथंच आपटली आणि तरातरा निघून गेले.

सगळ्या नातेवाइकांत बोभाटा झाला. किडनी काय दिली, बाईच्या डोक्यात हवा गेली म्हणे. गेली तर गेली! मला भाऊ जगवायचा होता. रुसलेल्या मामांची समजूत नंतर काढता आली असती.

दुसऱ्याच दिवशी सुरेशची बायको, नंदा, हळूच म्हणाली, "ताई, तुमचा आवाज बसलाय."

"लोकांवर ओरडून बसलाय."

"नाकही वाहतंय. तुम्ही जरा लांब..."

"मी? नंदा, त्याच्या पोटात माझी किडनी आहे! आम्ही आता एकच. आपलं आपल्याला कधी बाधतं का?"

काय बिनतोड वाटलं होतं हो मला ते! त्याच तोऱ्यात मी मुगाच्या कढणावर फुंकर मारली, चव घेतली आणि त्याच चमच्यानं सुरेशला भरवलं.

दोनच दिवसांत सुरेशला सडकून ताप भरला. दात वाजायला लागले. किडनी गेली तर गेली, पण भाऊ हातचा जाईल, एवढंच डोक्यात.

डॉक्टर धावत आले. छाती तपासून म्हणाले, "संसर्ग झालाय. लगेच दाखल करू. घरात सर्दी कोणाला आहे?"

"कोणालाच नाही!" मी छाती पुढे काढून सांगितलं. "सख्ख्या मामांना उंबरा ओलांडू दिला नाही मी! विचारा, विचारा कोणालाही... आऽऽक् छी!"

थेट डॉक्टरांच्या कोटावर!

नंदा जमिनीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी शांतपणे कोट पुसला आणि दाराकडे बोट दाखवलं. आयुष्यात वर्गाबाहेर कधी उभी राहिले नव्हते मी!

सुरेश वाचला. किडनीही वाचली. तो घरी आला तसा माझा मुक्काम दाराबाहेरच्या ओट्यावर हलला. पण हार मानते की काय! सर्दी पार गेली, तरी खुर्ची, बादली, साबण घेऊन मी तिथं ठाण मांडलं.

एक दिवस समोर मामा उभे! मी मान ताठ केली. "नखं दाखवा!"

मामांनी बादली सरकवली ती माझ्याकडे.

"तू आधी दाखव, बाई."

दाखवावीच लागली. दहाच्या दहा नखांत खडू!