पहिल्या हळदीचा हात

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि घरात रीतींचा पूर आला. जोडवी का घालायची, बाशिंग का बांधायचं, काहीही विचारलं की आत्याचं एकच उत्तर, "तसंच असतंय की." आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वडील मी लहान असतानाच गेले, आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या शुभकार्याचा कारभार तिनं न विचारता स्वतःकडं घेतला होता.

शेजारच्या तेलुगू काकू त्यापेक्षा बऱ्या. त्यांच्याकडं प्रत्येक रीतीला अर्थ असायचा, फक्त दर खेपेला वेगळा. त्यांच्यात नवरानवरी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ वाटून ठेवतात. का, तर कडू-गोड एकदा मिसळलं की वेगळं निघत नाही. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाल्या, त्यानं डोकं थंड राहतं. मला दोन्ही पटलं. माणसं आधी रीत करतात आणि मग तिला अर्थ शोधत बसतात. अक्षतांचंच बघा. तांदूळ पिकतो तिथं तांदळाच्या, आमच्याकडं ज्वारीच्या. एरवी 'तसंच असतंय' म्हणणाऱ्या आत्यानं त्यात मात्र थोरवी शोधलीच होती.

पण हळदीवरून माझं डोकं फिरलं. पहिली हळद आईनं लावायची. माझी आई विधवा, म्हणून हळद आत्या लावणार, ती सवाष्ण. ज्या आईनं काकूंच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरून मला शिकवलं, तिनं त्या दिवशी आतल्या खोलीत बसायचं! हळद दळायच्या मुहूर्ताला पाच सवाष्णींनी जात्याला हात लावला आणि त्या चहाला उठल्या. बाकीची सगळी हळद आईनं एकटीनं दळली. तेव्हा कुणाला अपशकुन झाला नाही. समोरच्या मुसलमानांच्या घरीही नवरीला हळद लावत. हळद मूळची कुणाची हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण ती कुणी लावायची नाही हे सगळ्यांना पाठ होतं.

मी थेट मठातल्या स्वामींना गाठलं. म्हटलं, "आपल्या लिंगायतांत बाईच्या गळ्यातही इष्टलिंग असतं. नवरा गेला म्हणून ते कुणी काढून घेत नाही. मग हळदीचंच काय?"

"तुझं बरोबर हाय, बाळ," ते शांतपणे म्हणाले. "पण बायकांच्या रीतीत आमी पडत न्हाई."

असा संताप आला! बरोबर म्हणायचं आणि वर हात झटकायचे. होणाऱ्या सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरचं तुमी बघा." आत्याशी तर रोजचे खटके. "लई शिकलीस म्हणून आमाला शाणपणा शिकवू नगंस," हे मी किती वेळा ऐकलं असेल.

हळदीच्या सकाळी मी पाटावर बसले आणि सांगून टाकलं, आई आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही. बायका कुजबुजायला लागल्या. आत्या वाटी घेऊन तशीच उभी. शेवटी तिनं वाटी खाली आपटली.

"बोलव तुझ्या आईला. काय झालं तर मला सांगत येऊ नगंस."

मी जिंकले होते. आत धावले आणि आईचा हात धरला. ती उठेना.

"ब्याड," ती म्हणाली. नको. घाबरली की ती कानडीत शिरायची.

"अगं, आत्या तयार झाली."

"त्या झाल्या असतील. मी न्हाई. माझा हात लागला आन् तुझं काय वाईट झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मी रडले, तिच्यावर ओरडलेसुद्धा. "इतके दिवस मी कुणासाठी भांडले?" तिनं हात सोडवून घेतला, मला उंबऱ्याबाहेर केलं आणि दार लोटून घेतलं.

मी पुन्हा पाटावर बसले. आत्यानं आपटलेली वाटी उचलली. तिनं गालांना हळद लावली, हातांना लावली, पायांना लावली. तेवढ्यात दाराच्या फटीतून आईचा आवाज आला, "वन्सं, कानामागं राहिलं बगा. तितं बी लावा की."