डिस्क स्वच्छ करून

आमच्या लग्नाच्या बैठकीत, मुलगा नेमकं काय करतो असं विचारल्यावर मी म्हणालो होतो, "कॉम्प्युटरच्या परीक्षा घेतो." होणाऱ्या सासूबाई सांगलीच्या शाळेत मराठी शिकवायच्या. परीक्षा हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मुलगा वाचतो, तपासतो, चुका काढतो, असा त्यांनी अर्थ घेतला. तो गैरसमज मी बरीच वर्षं तसाच राहू दिला.

खरं काम असं. लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ठिकठिकाणचे लोक मिळून ती बनवतात आणि रोज तिच्यात कुणी ना कुणी काहीतरी बदलतं. त्या बदलानं काही मोडलं तर नाही ना, हे बघायला आम्ही एक यंत्रणा लावली आहे. ती आपली आपण सिस्टीम कॉम्प्युटरवर चढवते, माणसासारखी बटणं दाबत पुढं जाते आणि प्रत्येक पायरीला पडद्याचा फोटो काढते. फोटो आमच्याकडच्या नमुन्याशी जुळला तर हिरवी खूण, नाही जुळला तर लाल. लाल आली की मी बघायचं, सिस्टीम बिघडली की नुसती दिसायला बदलली? बिघडली असेल तर तक्रार नोंदवायची. बदलली असेल तर नवा फोटो नमुना म्हणून ठेवायचा. साताऱ्यात घरी माडीवर बसून मी दिवसभर हेच करतो.

माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते रहिमतपूरजवळ गावी असतात आणि ऊस बघतात. एकदा घरी आले असताना तासभर माझ्यामागं उभं राहून त्यांनी हे सगळं बघितलं.

"म्हंजी गेटवरच्या संत्रीची ड्यूटी," ते म्हणाले.

"व्हय, तसंच."

"मग वळखीचं तोंड न्हाई दिसलं की कोण हाय म्हणून इचारतूस, का थेट गोळीच घालतूस?"

"इचारतो की!" मी म्हणालो. हे खोटं होतं.

आमच्या टीममध्ये मराठी येणारा मी एकटाच. त्यामुळं मराठी पडद्यांच्या टेस्ट माझ्याकडं आल्या, आणि मी त्या मिरवतच घेतल्या. पण सिस्टीमचं अक्षर जरासं जाड झालं किंवा बटणाचा निळा रंग फिका झाला, की एका सकाळी शेकडो टेस्ट लाल होतात. इंग्रजी पडदे मी नीट वाचायचो, कारण इंग्रजीची मला कायम धास्ती. जर्मन पडदे तर शब्द शोधून शोधून वाचायचो. मराठीची पाळी आली की मात्र हे आपल्याला येतंच असं म्हणून न वाचताच मंजूर करून टाकायचो.

एका सकाळी बाकी सगळं हिरवं आणि एकच मराठी टेस्ट लाल होती. सिस्टीम चढवताना एक पडदा येतो, त्यावरचा मजकूर बदलला होता. जुनी ओळ आखूड होती, नवी लांब. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, लांबी बघितली आणि तक्रार नोंदवली की मराठी मजकूर अचानक बदलला आहे, कृपया पूर्ववत करावा. त्याच दिवशी तो पूर्ववत झाला. टीमप्रमुखांनी माझी नजर तीक्ष्ण असल्याचं कळवलं. त्या खुशीत मी बायकोला घेऊन भेळ खायला गेलो आणि नजरेविषयी तिला बरंच काही ऐकवलं.

त्यानंतर काही महिन्यांनी सासूबाईंचा कॉम्प्युटर कुथायला लागला. निवृत्तीनंतर त्यावर त्या आपली नाटकं टाइप करत होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी एक याप्रमाणे लिहिलेली, मुलांची छोटी छोटी नाटकं. मी म्हटलं, आमची सिस्टीम जुन्या मशीनवर पळते, रविवारी येतो आणि चढवून देतो. पेनड्राइव्ह आधीच बायकोच्या हाती पाठवून दिला.

शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमची वाट नाही बघितली. मीच केलं. मराठीत होतं सगळं, काही अवघड नाही गेलं."

"वा, आई!" मी म्हणालो. आपण तपासलेली सिस्टीम मराठीच्या शिक्षिकेनं एकटीनं चढवली, याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं!

"फक्त माझी नाटकं दिसत नाहीत. कुठं ठेवलीत त्यानं?"

"आई, मधे दोन पर्याय आले असतील. कुठला निवडलात?"

"स्वच्छतेचा. 'डिस्क स्वच्छ करून स्थापना करा.' म्हटलं, जुना कॉम्प्युटर आहे, आतला कचरा निघेल. पुढं त्यानं परत विचारलं, डिस्क स्वच्छ केली जाईल, पुढे जायचे का? आता स्वच्छतेला नको कोण म्हणेल?"

तासाभरात मी गाडी काढली आणि कराडमार्गे सांगलीला पोचलो. गेलेल्या फायली शोधायची जेवढी साधनं मला माहीत होती तेवढी त्या डिस्कवर चालवली. रविवारी दुपारपर्यंत हाती लागलं ते एवढंच: "इतिहास: (रडत) डॉक्टर, मला सनावळ्याच". पुढं सगळी चौकोनांची रांग. माझ्या नमुना-फोटोंच्या प्रती मी तीन ठिकाणी ठेवतो. सासूबाईंनी टाइप केलेल्या नाटकांची एकही दुसरी प्रत नव्हती, आणि ती काढून ठेवा असं मी त्यांना कधी सुचवलंही नव्हतं.

बहुतेक नाटकांच्या वह्या कपाटात होत्या. एका नाटकाची मात्र नव्हती, 'विषयांचा दवाखाना' त्याचं नाव. त्यात गणिताला ताप येतो, भूगोलाला चक्कर येते आणि इतिहासाला काही आठवेनासं होतं. ती वही आटपाडीच्या एका शिक्षिकेनं नेली होती. ती परत आली नाही, आणि त्या बाई आता कुठं असतात तेही कुणाला ठाऊक नव्हतं. ते नाटक सासूबाईंनी चार महिने खपून आठवून आठवून टाइप केलं होतं.

"भाषांतर करणाऱ्यांना अक्कल नसते, आई," मी म्हणालो. "पुसून टाकणार म्हणायचं सोडून स्वच्छ म्हणे!"

त्यांनी मान डोलावली. मला जरा हलकं वाटलं.

सोमवारी साताऱ्याला येऊन मी त्या अक्कलशून्य माणसाचा शोध घ्यायला बसलो. प्रत्येक ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद आमच्याकडं असते. बघतो तर एका हौशी भाषांतरकारानं काही महिन्यांपूर्वी ती ओळ दुरुस्त केलेली: "डिस्कवरील सर्व माहिती कायमची पुसून स्थापना करा." त्याखाली दुसरी नोंद होती, की दुरुस्ती रद्द. कारण, टेस्ट नापास. तक्रार नोंदवणाऱ्याचं नाव माझं.

मी ते दोनदा वाचलं. या कामात मराठीतली ओळ दोनदा वाचायची माझी ती पहिलीच वेळ.

चार दिवस मी कुणाला काही बोललो नाही. पाचव्या दिवशी बायको चहा घेऊन वर आली तेव्हा ते पान पडद्यावर उघडंच होतं. तिनं सावकाश सगळं वाचलं. आईची मुलगी, तिला वाचायची सवय आहे.

"ही ती तीक्ष्ण नजर का?" ती म्हणाली. मग चहा टेबलावर ठेवून म्हणाली, "रविवारी आईला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

आधी मी टीमला लिहिलं. मी चूक म्हणून कळवलेली दुरुस्ती बरोबर होती, मी ती वाचली नव्हती, ती परत घालावी. भाषांतरकाराचं उत्तर मराठीत आलं: "हरकत नाही. मला तेव्हा शंका आली होती. पण टेस्टच नापास म्हणते म्हटल्यावर माझंच मराठी कच्चं असेल असं वाटलं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सांगलीला जेवणं झाल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं, बैठकीतल्या परीक्षेच्या वाक्यापासून. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे ती ओळ तुमच्या डोळ्यांसमोर होती?"

"होती."

"आणि वाचली नाहीत?"

"जुळते का, एवढंच बघितलं."

"शुद्धलेखनाच्या वहीत शेजारच्याचं बघून उतरवतात, तसं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्तच लागलं. मग उठून त्यांनी कपाटातल्या वह्या काढल्या आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवल्या. "मी सांगते, तुम्ही टाइप करा. बघू तुमचं मराठी."

पुढचे कितीतरी रविवार मी सांगलीत काढले. त्या सगळ्या पात्रांचे आवाज काढून सांगायच्या, मी टाइप करायचो आणि त्या मागं उभ्या राहून तपासायच्या. दीर्घ. ऱ्हस्व. अनुस्वार कुठाय? मी काही ओळी न वाचता भराभर उतरवतो, हे त्यांनी दुसऱ्याच रविवारी पकडलं आणि त्यानंतर प्रत्येक पान मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. शेजारच्या बाईंना वाटलं, जावई नाटकात काम करणार आहे. जेवायला मात्र जावयाचाच मान होता, पाटावर बसवून. त्यानं अपराधीपणा आणखी वाढायचा.

याच सुमारास मी मराठीचे सगळे नमुना-फोटो त्यांना दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच बैठकीत त्यांनी एवढ्या चुका काढल्या की मी मधेच पाणी प्यायला उठलो. ते सगळे फोटो मी स्वतः मंजूर केलेले होते. दुरुस्त्या आम्ही त्या भाषांतरकारांकडं पाठवल्या. आता त्या दोघांचा परस्पर पत्रव्यवहार असतो आणि त्यात मला विचारलं जात नाही. टेस्ट लाल झाल्या की बदलायचे नमुने तेवढे माझ्याकडं येतात.

'विषयांचा दवाखाना' शेवटी घेतलं. बायकोनं लहानपणी त्यात भूगोल केला होता, त्यामुळं तिला चक्करेचा प्रवेश पाठ होता. गणितही बरंचसं आठवलं. पण डॉक्टर इतिहासाला औषध काय देतात, हे काही केल्या सासूबाईंना आठवेना. दोन रविवार तिथंच अडलो. मी म्हटलं, "आई, पुन्हा एकदा डिस्क बघू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका बघू."

तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा त्या हातात कागद घेऊन तयार बसल्या होत्या. शेवट नवा लिहिला होता. डॉक्टर औषधच देत नाहीत. वर्गातल्या प्रत्येक मुलानं इतिहासाला एकेक गोष्ट सांगायची, त्याला जेवढी आठवते तेवढी. मी टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी एक वेलांटी बदलायला लावली.

"पहिल्यापेक्षा बरा झालाय शेवट," त्या म्हणाल्या.

हे मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की काय, हे मी परतताना गाडीत बायकोला विचारलं. पण भूगोलानं आपला प्रवेश संपताच पडद्यामागं निघून जायचं होतं, त्यामुळं जुना शेवट तिनंही कधी ऐकलाच नव्हता.